घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नाही! थोडा इतिहास, थोडा हिशोब



घरपट्टीचं बिल आलं की आपण दोनच गोष्टी बघतो, रक्कम किती आणि मागच्यापेक्षा वाढली किती. पण हा कर आला कुठून?

घरपट्टी हा शब्द मराठेशाहीपासूनचा. तेव्हा घरांवर, दुकानांवर आणि कारागिरांच्या धंद्यांवर ‘मोहतर्फा’ नावाचा करही असायचा. सुतार, कोष्टी, तेली सगळे त्यात यायचे. पैसा सरकारजमा व्हायचा. इंग्रजांनी 1844 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मोहतर्फा आणि बलुत्यांवरचे कर रद्द केले.

पुढे 1920 चा ग्रामपंचायत कायदा आला आणि गावाच्या पंचायतीला घरपट्टी बसवता येऊ लागली. खरा बदल इथे आहे. आधी घरावरचा पैसा गावाबाहेर जायचा, आता तो गावातच राहू लागला. आज आपण भरतो तो कर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 खाली आहे. शेतसारा लागणाऱ्या मोकळ्या जमिनीवर तो नाही. पण शेतात घर बांधलं तर त्या घरावर आहे.

मोजायची पद्धतही बदलली. 1999 नंतर क्षेत्रफळावर आकारणी व्हायची. तो वाद हायकोर्टात गेला आणि 31 डिसेंबर 2015 च्या नियमांनी भांडवली मूल्याची पद्धत आली. म्हणजे जागेचा रेडी रेकनर दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय (त्याप्रमाणे घसारा) आणि वापर घरगुती की व्यापारी, हे सगळं धरून. सणसवाडी-रांजणगावचे कारखाने आणि चाकण रोडमुळे आपल्याकडे जागेचे भाव चढले. म्हणून घर तेच राहिलं तरी फेरआकारणीत आकडा वाढू शकतो. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते.

आता महत्त्वाचं. आकारणीची नोंद असते नमुना 8 मध्ये. तुमचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर बरोबर लिहिलाय का, ते एकदा बघाच. पत्र्याच्या खोलीला स्लॅब लिहिलं असेल तर भुर्दंड तुम्हालाच. यादी जाहीर होते तेव्हा मुदतीत लेखी हरकत घ्या. तरी समाधान झालं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

आणि गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांनो, नमुना 8 ही कराची नोंद आहे, जमिनीची मालकी त्यावर सिद्ध होत नाही. ‘आठ-अ नावावर करून देतो’, ‘घरपट्टी लावून देतो’ असं कुणी म्हटलं तरी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि नोंदणीकृत खरेदीखत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आयुष्यभराची कमाई असते ती.

शंभर वर्षांपूर्वी हा पैसा गावाच्या हातात आला. म्हणून कर वेळेत भरा आणि ग्रामसभेत उभं राहून त्याचा हिशोबही विचारा. दोन्ही आपलीच कामं आहेत.

गावच्या ग्रुपवर नक्की शेअर करा.