बीटा पेशींना कोण मारतं?

मुलाला मधुमेह झाला की आधी आई-बापाचा हिशेब मांडला जातो. गोड किती दिलंत? रामवाडीत विचारतात, मुंबईतही विचारतात. टाइप १ च्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे, पण ते कळायला शंभर वर्षं गेली.

1869 साली बर्लिनमध्ये लँगरहान्स या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची छोटी बेटं दिसली. 1889 मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं. मुलं जगू लागली. पण बेटांतल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशी, मुळात संपतात का, हे कोडं तसंच राहिलं.

गंमत बघा, हे कोडं इन्सुलिननेच अवघड केलं. रुग्ण वर्षानुवर्षं जगायचा आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरावा पुसून गेलेला असायचा. बेल्जियमच्या विली गेप्ट्सनी 1965 मध्ये आजार सुरू झाल्यावर लवकरच दगावलेल्या 22 रुग्णांची स्वादुपिंडं तपासली. 15 जणांच्या बेटांत पांढऱ्या पेशी घुसलेल्या होत्या. म्हणजे आपलंच संरक्षक दल आपल्याच पेशींवर उठलं होतं! पुढे 1974 मध्ये लंडनला बोटाझ्झो, डोनियाक आणि सहकाऱ्यांना रक्तात या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. मग लक्षात आलं की तहान, लघवी, वजन घटणं ही लक्षणं दिसण्याआधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं, हा हल्ला चालू असतो. 1986 मध्ये आयझेनबार्थनी त्याचा आलेख मांडला. त्यांची उतरती रेघ फारच सरळ होती, प्रत्यक्षात ऱ्हास प्रत्येकाचा वेगळा असतो.

आपल्याकडे पेच आणखी वेगळा. सडपातळ तरुणाला टाइप २ ही असू शकतो, स्वादुपिंडातल्या खड्यांमुळेही मधुमेह होतो. निदान चुकून टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन थांबलं, तर रक्तात आम्ल साचून जीव जातो. म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचं 2020 चं काम मला मोलाचं वाटतं: युरोपीय रुग्णांवरून बनवलेली जनुकीय गुणसंख्या भारतीयांतही टाइप १ वेगळा ओळखायला उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं.

आणि 2022 मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅबला मान्यता मिळाली. ते हल्लेखोर पेशींना आवरतं. चाचणीत आजार साधारण दोन वर्षं लांबला, थांबला नाही. शिवाय ते द्यायचं लक्षणं यायच्या आधी, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी आधीच झालेली हवी.