वळिवड्याची गाणारी पोरं

"लई पोरं एकदम गायची, पर समदी एकसारखी न्हाई. कुणी वर, कुणी खाली. तरी गाणं एकच!" आजी सांगायची.

तिचे वडील भाजीची पाटी घेऊन वळिवड्याच्या छावणीत जायचे, ती त्यांच्याबरोबर. नाताळात तिथल्या चर्चबाहेर उभं राहून तिनं ते गाणं ऐकलं. गावच्या भजनात बुवानं सांगितलेली चाल सगळे उचलत. कोल्हापूर शहरात गवई अल्लादियाखाँसाहेबांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात जाई, पण ती मैफल एका गळ्याची. वेगवेगळे सूर एकाच वेळी लावून एक गाणं उभं करायचं, हे तिला नवं होतं.

ती पोरं पोलंडची. सप्टेंबर 1939 मध्ये त्यांचा देश जर्मनी आणि रशियानं वाटून घेतला. फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडली गेली. भुकेनं आणि तापानं कित्येकांचे आईबाप तिथंच गेले. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांना सोडण्यात आलं. 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून हजारो पोलिश लोक इराणात पोचले. पुरुष जनरल आंदेर्स यांच्या सैन्यात गेले. बायकापोरांना आसरा हवा होता.

जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी जागा दिली. त्या मुलांच्या सोबतीत हांका ऑर्दोनुव्हना होती. वॉर्साच्या रंगमंचावरची ही लाडकी गायिका स्वतः रशियन श्रमछावणीतून सुटून आलेली, क्षयानं खंगलेली. तरीही तिनं पोरक्या पोरांची जबाबदारी अंगावर घेतली. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत उभी राहिली. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

शाळा, चर्च, नाटकं, स्काउटांच्या शेकोट्या असं सगळं तिथं होतं, आणि जिथं तिथं गाणं होतं. ज्या प्रार्थना रशियात दबक्या आवाजात म्हणाव्या लागत, त्या पंचगंगेकाठी मोकळ्या गळ्यानं म्हणता येत होत्या. तीन मे या त्यांच्या संविधानदिनालाही गाणं, नाताळलाही गाणं.

आजीच्या मनात मात्र वेगळंच राहिलं होतं. "गाताना एकादीला रडू फुटायचं. ती गप व्हायची. पर शेजारची गातच ऱ्हायची. मग हिनं डोळं पुसलं की पुन्यांदा त्यातच शिरायची. कुणी तिला इचारायचं न्हाई, का थांबलीस म्हणून."

समूहगानाचं सगळं मोठेपण मला या पाच वाक्यांत दिसतं. एकट्यानं गाणारा थांबला की गाणंच थांबतं. समूहात थांबणाऱ्याची जागा बाकीचे राखून ठेवतात. घर, गाव, बाप असं सगळं सुटलेल्या मुलाला कुणीतरी आपली जागा धरून ठेवलीय, याची खात्री रोज हवी असते. ती भाषणानं मिळत नाही. शेजारच्यासोबत एकाच वेळी श्वास घेऊन, त्याचा सूर ऐकत आपला लावून ती अंगात मुरते. अनाथ आणि आई असलेली, शहरातली आणि खेड्यातली पोरं अशीच एकमेकांची झाली असणार.

1948 पर्यंत पोलिश मंडळी पांगली. कित्येक जण इंग्लंडला गेले. त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. आजी म्हणायची, पुढं त्याच वाटेवर सिंधींच्या दैवताची, झुलेलालची गाणी कानांवर यायची. तीही सगळ्यांनी मिळून म्हटलेली.

आजही जगात कुठं ना कुठं मुलं सीमा ओलांडताहेत. त्यांना धान्य, औषध, पांघरूण लागतंच. पण पहिल्याच आठवड्यात गाणं शिकवणारा माणूसही पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं. गाण्याची पाळी सगळं स्थिरस्थावर झाल्यावर येते, असं आपण धरून चालतो. वळिवड्याच्या पोरांनी घर नसतानाच गायला सुरुवात केली होती.