रकान्याबाहेरचे लेखक

भवानीनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकत मी वाढलो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा बारामती-इंदापूरचा पट्टा. येथे बसून गेली काही वर्षे मी मुंबईच्या एका ऑनलाइन वृत्तपत्रासाठी लेख लिहितो. नोकरी नाही, ओळखपत्र नाही. लेख लागला तर मानधन, न लागला तर मौन. याला हल्ली 'फ्रीलान्स' म्हणतात. शब्द नवा आहे. काम मात्र आपल्या समाजात शंभर वर्षांहून जुने आहे. आपण आपल्या संपादकांचा इतिहास लिहिला, पण दूर कुठेतरी बसून त्यांना आणि इतरांना मजकूर पाठवणाऱ्यांचा लिहिला नाही.

तो गोपाळबाबा वलंगकरांपासून सुरू करावा लागतो. महाडजवळच्या रावढळचे वलंगकर लष्करातून हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त झाले, दापोलीत राहिले आणि 'दीनबंधू' व 'सुधारक' यांत लिहू लागले. ही दोन्ही पत्रे दुसऱ्यांची. 'दीनबंधू' १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेला, सत्यशोधकांचा, 'सुधारक' आगरकरांचा. अस्पृश्यांच्या हाती तेव्हा स्वतःचे एकही पत्र नव्हते. म्हणजे आपला हा पहिला पत्रलेखक बाहेरचा लेखक होता. ज्याचे पत्र, त्याच्या मर्जीवर त्याचा मजकूर. तरीही त्यांनी दयेची याचना केली नाही. १८८८ च्या 'विटाळ विध्वंसन'मध्ये त्यांनी उच्चवर्णीयांना प्रश्न विचारले. प्रश्न विचारणारा माणूस अर्जदार राहत नाही, हे त्या निवृत्त हवालदाराला पक्के ठाऊक होते.

पुढचे नाव शिवराम जानबा कांबळे यांचे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली आणि सरकारकडे अर्ज केला. सासवड-जेजुरी हा मुलूख आमच्या शेजारचा. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केला. देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्यात मुरळ्यांना आवाहन केले, आणि त्याला शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने पत्र लिहून उत्तर दिले. ते पत्र छापले गेले. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. जिच्याविषयी आजवर इतरांनीच बोलायचे, ती बाई स्वतःच्या नावाने छापील कागदावर उभी राहिली.

यानंतरचा काळ वाचकांना परिचित आहे, म्हणून त्यातली एकच बाजू सांगतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नाही. हे आपण नेहमी सांगतो. पण १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी स्वतःच नोंदवलेली दुसरी अडचण आपण तितक्या वेळा सांगत नाही. लेखक मिळत नसल्यामुळे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. बॅरिस्टरी, प्राध्यापकी, महाडचा संग्राम, आणि वर हे रकाने! लिहिणारे नव्हते याचा अर्थ सांगण्यासारखे काही नव्हते असा नाही. फुकट लिहिणाऱ्यालाही दिव्याचे तेल लागते, टपालाचे तिकीट लागते आणि दिवसभराच्या वेठीनंतर दोन मोकळे तास लागतात. ते दोन तास गावकुसाबाहेर कोणाजवळ होते?

आता माझ्या तालुक्याकडे येतो. १९७२ साली इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावी दलितांवर बहिष्कार टाकला गेला. परभणीकडच्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्यामागे जी कारणे होती त्यांत ही दोन्ही गावे आहेत. आणि त्याच ऑगस्टमध्ये 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. ढाले त्या साप्ताहिकाचे नोकर नव्हते, बाहेरचे लेखक होते. लेखावर केवढा गदारोळ झाला! माझे मत असे की ढाल्यांनी नुसती दुःखाची हकिकत दिली असती तर वाचक हळहळले असते आणि पान उलटले असते. त्यांनी स्वातंत्र्याचा हिशेब मागितला. बाहेरच्या लेखकाने हकिकत आणावी, हिशेब घरचे मांडतील, हा अलिखित करार त्यांनी मोडला.

हा करार आजही चालू आहे, हे मला अनुभवाने कळले.

तरुणपणी मी एका दैनिकाचा गावचा बातमीदार व्हायला गेलो होतो. तेथे मला लिहिता येते का, हे कोणी विचारले नाही. अंकांची एजन्सी घ्याल का आणि वर्षाला जाहिराती किती आणाल, हे विचारले. आमच्याकडे जाहिरात म्हणजे गळीत हंगामाचा शुभारंभ, पतसंस्थेचा अहवाल, पुढाऱ्याचा वाढदिवस. ती ज्याच्या शब्दावर मिळते तो बातमीदार. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्या वाड्यासमोरची बातमी तो कशी देणार? मी मुकाट्याने परत आलो.

म्हणून इंटरनेट आले तेव्हा मला मोकळे वाटले. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारले गेले. मोठी वृत्तपत्रे कित्येक आठवडे एक तर गप्प होती, किंवा अनैतिक संबंधाची कथा रंगवत होती. तेव्हा आपल्या मुलांनी ई-मेल आणि ब्लॉगवरून खरी हकिकत जगभर नेली. येथे एजन्सी नको, जाहिरात नको. पण दार कोणाच्या हाती आहे? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तमाध्यमांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर सवर्ण पत्रकार आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. वृत्तसंकेतस्थळांवरचे नावानिशी छापलेले सुमारे ७२ टक्के लेखही सवर्णांचेच. कागद गेला, पडदा आला, माणसे तीच.

माझ्या त्या ऑनलाइन वृत्तपत्राला मी ऊसतोडीवर लेख पाठवला. हंगामात बीड-नगरकडून टोळ्या येतात, उसाच्या फडाकडेला पालात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागच्या दरातून फिटते, किंवा फिटत नाही आणि पुढच्या वर्षावर जाते. मी तीन टोळ्यांत बसून हा हिशेब मांडला होता. संपादिकेचे उत्तर आले: लेख चांगला आहे, पण यात तुमचा स्वतःचा अनुभव घाला, विश्लेषण आम्ही दुसऱ्याकडून घेतो.

माझा अनुभव? माझे वडील कारखान्यात कामाला होते. आम्हाला पत्र्याची का होईना खोली होती. ऊस मी कधी तोडला नाही. दलित लेखक म्हटला की त्याच्या हातात कोयता असलाच पाहिजे, ही कोणाची कल्पना? मी तसे कळवले. मग लेख निम्मा होऊन लागला. त्याच्या शेजारी एका प्राध्यापकांचे विश्लेषण होते आणि त्यात माझ्या तीन टोळ्यांचे आकडे होते. मानधन चार महिन्यांनी आले. मी ते घेतले, हेही सांगितले पाहिजे. मुलीच्या फीची तारीख आली होती. संपादिकाही कंत्राटावर होत्या, पुढच्या वर्षी त्या तेथे नव्हत्या.

तेव्हापासून एक नियम केला आहे. ज्या लेखात हिशेब आहे त्यात मी स्वतःचे दुःख घालत नाही. त्यामुळे लेख परत येतात. काही आपल्या नियतकालिकांकडे जातात. तेथे मानधन नाही, पण निम्मे कोणी कापत नाही.

मध्यंतरी जुने लेख पाहावेत म्हणून संकेतस्थळ उघडले. त्यांनी रचना बदलली होती. माझे पहिले सात लेख कोठेच सापडेनात. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक वसंत मून यांनी चिकाटीने मिळवले, म्हणून १९९० साली ते पुन्हा छापून आपल्या हाती आले. ते कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी पेटीत राहिले होते. माझे सात लेख कोणाच्या पेटीत असणार? आता लेख लागला की त्याच दिवशी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी त्याच्या दोन प्रती काढतो. एक फाइलला लावतो. दुसरी ज्या टोळीचा हिशेब असेल तिच्या पालावर नेऊन देतो. गेल्या हंगामात तेथल्या सातवीतल्या मुलीने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि टनाच्या दरात मी केलेली एक चूक दुरुस्त केली.