न सांगता उपटलेला पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्हचं धातूचं टोक उजेडात धरलं की आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन मधल्या दोनांपेक्षा जराशा लांब. लांब त्या विजेच्या, आखूड त्या माहितीच्या. टोक ओढलं की आधी माहितीची वाट तुटते आणि वीज क्षणभर मागे राहते. चालू संगणकातूनच वस्तू काढली जाणार, हे यूएसबीने धरूनच चाललं होतं.

पूर्वीची रीत अशी मोकळीक देत नसे. युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या पुस्तिकेतच डिस्क जोडायची आणि सोडवायची अशा दोन आज्ञा आहेत. डिस्क मंद, म्हणून मजकूर आधी मेमरीत ठेवायचा आणि सवडीने डिस्कवर उतरवायचा. मध्येच डिस्क काढली तर उरलेलं लिखाण गेलंच. 1984 च्या मॅकिंटॉशला फ्लॉपी काढायचं बटणच नव्हतं. हिशेब पुरा करून संगणकच ती बाहेर ढकलायचा.

यूएसबी आल्यावर सावरण्याचं काम ड्रायव्हरकडे, म्हणजे ती वस्तू हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे आलं. विंडोज 2000 त्याला ‘वस्तू अचानक गेली’ अशी वेगळी सूचना देऊ लागलं. लिनक्समध्ये ड्रायव्हरचं ‘डिस्कनेक्ट’ फंक्शन चालतं: नवी कामं नाकारायची, अडकलेली कामं चूक दाखवून मोकळी करायची, डिस्कचं नाव यादीतून काढायचं.

खरा पेच त्यापुढे आहे. वस्तू खिशात गेली तरी एखाद्या प्रोग्रॅमने तिच्यावरची फाइल उघडीच धरलेली असते. त्या वस्तूची नोंद मेमरीतून लगेच पुसली, तर तो प्रोग्रॅम पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला दिलेल्या जागेत हात घालतो, आणि अख्खा संगणक कोसळू शकतो. पुसलीच नाही, तर दर खेपेला थोडी मेमरी अडकून पडते.

2004 मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅमर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ‘केरेफ’ हा मोजणारा आकडा आणला. वापरणारा आला की आकडा एकने वाढतो, गेला की घटतो. शून्यावर आला की नोंद पुसली जाते. वाड्यातून शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवून कडी लावावी, तसं. कर्नलमधल्या कितीतरी मोठ्या करामतींपेक्षा या थोड्या ओळींचं मोल जास्त आहे.

2018 मध्ये विंडोज 10 ने पेन ड्राइव्हसाठी मजकूर मेमरीत रेंगाळत ठेवणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. कॉपी चालू असताना उपटलं तर मात्र फाइल अजूनही अर्धीच राहते, आणि मागची आवराआवर ड्रायव्हरलाच करावी लागते.