एकाच कापसाची दोन म्हातारपणं

आज आपण म्हातारपणीच्या पैशाची गोष्ट बोलू. आपल्या वर्धा जिल्ह्यात ती कापसाच्या मागोमाग चालत आली आहे.

हिंगणघाट-पुलगावला कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा काम सुटलं की मजुरी सुटे. पुढे मुलांचाच आधार. शेजारी नागपुरात टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, पण ती मालकाची मर्जी होती. कायद्याचा हक्क मिळाला तो १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने. त्यातल्या पहिल्या सहा उद्योगांत कापडगिरण्या होत्या. गिरणीच्या हजेरीपटावर नाव असलं, की म्हातारपणी हाती काही रक्कम येई. पण त्याच गिरण्यांसाठी शेतात कापूस वेचणाऱ्या आपल्या आज्यांचं नाव कोणत्याच पटावर नव्हतं. हातपाय चालतील तोवर वेचायचं, हीच त्यांची नोकरी.

१९९५ साली दोघींसाठीही काहीतरी झालं. १५ ऑगस्टला केंद्राची वृद्धापकाळ योजना आली: ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना ७५ रुपये. १६ नोव्हेंबरला कामगारांची पेन्शन आली, जिला आपण ‘ईपीएस-९५’ म्हणतो. दहा वर्षं नोकरी झाली तर पेन्शन, आणि नवरा गेल्यावर बायकोला साधारण निम्मी. मात्र तिला महागाई भत्ता नाही. एकदा ठरलेला आकडा तसाच राहतो आणि तेल-डाळीचे भाव चढत जातात.

२०१४ मध्ये या पेन्शनची किमान रक्कम १००० रुपये झाली. इकडे राज्याच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १५०० रुपये मिळतात. म्हणजे उभी हयात गिरणीत घालवलेल्याच्या विधवेला १०००, आणि पटावर कधीच नसलेलीला १५००. यात हेवा कोणी कोणाचा करावा? दोन्हींत महिना निघत नाही. शिवाय श्रावणबाळला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, महिन्याला १७५० रुपये. मुलगा मजुरीला जात असला, तरी आई कागदावर गरीब उरत नाही.

ही रक्कम वाढावी म्हणून आपण ग्रामसभेत बोललंच पाहिजे. तोवर घरातले कागद बघू. हयातीचा दाखला दरवर्षी दिला का? नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर आपलं नाव आधारप्रमाणेच आहे का? आज्यांचं नाव पटावर नव्हतं. आपलं आहे की नाही, ते आजच पाहू.