वाशीम जिल्ह्यातील शिकारीचे वन्य प्राणी व पक्षी

वाशीम जिल्ह्यातील शिकारीचे वन्य प्राणी व पक्षी म्हणजे पूर्वी ज्यांची मांसासाठी किंवा हौसेसाठी शिकार होत असे, असे माळरान, झुडपी जंगल आणि शेतशिवारातील प्राणी व पक्षी होत. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. येथे काळवीट, रोही, रानडुक्कर, ससा, सायाळ, मोर, तितर, लावा इत्यादी प्राणी-पक्षी आढळतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांची शिकार हा गुन्हा आहे. 'शिकारीचे' हे विशेषण आता केवळ रूढीने उरले आहे.

सस्तन प्राणी

रोही (नीलगाय) हा आशियातील सर्वांत मोठा कुरंग आहे. नावात गाय असली तरी तो गाईच्या प्रजातीतला नाही. मात्र या नावाच्या पुण्याईने अनेक ठिकाणी त्याला अभय मिळाले. प्रौढ नर निळसर राखाडी व आखूड शिंगांचा असतो, मादी पिवळसर तपकिरी व बिनशिंगी. रोही वारंवार ठरावीक जागीच विष्ठा टाकतो, त्यामुळे माळावर लेंड्यांचे ढीग दिसतात. मादीला अनेकदा जुळी पिल्ले होतात.

काळवीटाचा नर जन्मतः काळा नसतो. वयात येताना त्याचा रंग गडद होत जातो आणि शिंगांना पीळ पडत जातात. उघड्या माळावर दुरून धोका दिसावा व पळायला वाव असावा, ही त्याची मुख्य गरज होय. म्हणूनच माळावर दाट झाडे लावली तर ती काळवीटासाठी सोय न ठरता अडचण ठरते. जिल्ह्यात त्याच्यासाठी कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. काटेपूर्णा अभयारण्य अकोला व वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. तेथे आढळणारा चौसिंगा हा चार शिंगे असलेला जगातील एकमेव वन्य कुरंग होय.

सशाची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाची पिल्ले मात्र आंधळी व केसविरहित असतात. सायाळ शत्रूवर काटे फेकते, हा समज चुकीचा आहे. ती उलट्या पावली वेगाने मागे सरते, तेव्हा सैल काटे शत्रूच्या अंगात रुततात. खनिजांसाठी ती हाडे व गळून पडलेली शिंगे कुरतडते.

पक्षी

राखी तितर दिवसभर जमिनीवर चरतो, पण रात्री बहुधा काटेरी झुडपात किंवा झाडावर विसावतो. लावा गवतात इतका बेमालूम मिसळतो की पाय अगदी जवळ पडेपर्यंत तो उडत नाही. मग सारा थवा एकदम भुर्रकन सुटतो.

लाव्यासारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातील दुर्लाव अधिक नवलाचा आहे. त्याच्या पायाला मागचे बोट नसते. मादी नरापेक्षा मोठी व ठळक रंगाची असून साद घालण्याचे व प्रतिस्पर्धी मादीशी झुंजण्याचे काम तीच करते. अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे असते. भट तितराचा नर पाणवठ्यात पोटाची पिसे भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो.

मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नसून शेपटीवर वाढलेली लांब पिसे असतात. पावसाळा संपताना ती गळतात. जिल्ह्याच्या गवताळ भागातील सर्वांत संकटग्रस्त पक्षी तणमोर हा होय. पावसाळ्यात नर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतातून वारंवार उंच उड्या मारतो. पूर्वी हाच उडणारा नर शिकाऱ्याच्या बंदुकीला सोपे लक्ष्य ठरे.

फासेपारधी समाज

तितर, लावे व ससे फासे लावून पकडण्यात फासेपारधी समाज निष्णात होता. पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, पायवाटांची पारख आणि गवताचे ज्ञान त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ब्रिटिश सत्तेने पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्यात अडकवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी कलंक लगेच पुसला गेला नाही. पुढे शिकारबंदीने उपजीविकाही गेली. कारंजा येथील 'संवेदना' ही संस्था वाशीम व अकोला जिल्ह्यांतील पारधी समाजाला सोबत घेऊन माळरान व तणमोर यांच्या संवर्धनाचे काम करते.

पीक नुकसान

सोयाबीन, तूर व हरभरा या पिकांचे रोही आणि रानडुकरांकडून मोठे नुकसान होते. रानडुक्कर खाते त्याहून अधिक तुडवते व उकरते, त्यामुळे हाती आलेले पीक एका रात्रीत जाऊ शकते. राखणीसाठी शेतकऱ्याला मचाणावर जागावे लागते. नुकसान झाल्यास वन विभागाकडे अर्ज करून भरपाई मागता येते. उपद्रवी रोही किंवा रानडुकराला मारण्यासाठी अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यात माणसे व गुरेही दगावतात.