काडीमोड, कायदा आणि पोटगी



आपल्या जुन्या वडोदेकर घरांत घटस्फोटाचा विषय निघाला की 'आमच्या वेळी असले काही नव्हते' असे हमखास ऐकू येते. इतिहास तसे सांगत नाही. हिंदूंना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा याच बडोदे संस्थानात, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली झाला. मुंबई प्रांतात तसा कायदा व्हायला १९४७ उजाडले आणि देशभर तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला.

त्याआधीही अनेक जातींत काडीमोड होती. पंचांसमक्ष सोडचिठ्ठी होई आणि बाईला पुढे पाट लावता येई. ही वाट बंद होती ती स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्या जातींत. तेव्हा नव्या कायद्याची खरी गरज आपल्यासारख्या घरांनाच होती.

परंतु लग्न तुटल्यावर बाईने जगायचे कशावर, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर कायद्याने फार सावकाश दिले. रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत, म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. १८८८ साली तडजोड झाली आणि दादाजींना दोन हजार रुपये मिळाले. सुटका हवी असलेल्या बाईनेच पैसे मोजायचे, असा तो हिशेब होता. शिवाय त्याने लग्न तुटले नाही, फक्त मागचा ससेमिरा थांबला. पुढे याच रखमाबाईंनी डॉक्टर म्हणून सुरत आणि राजकोट येथे काम केले.

स्वतंत्र राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू विवाहितेला १९४६ च्या कायद्याने मिळाला. १९५५ च्या कायद्याने दावा चालू असतानाची पोटगी, खटल्याचा खर्च आणि निकालानंतरची कायम पोटगी या तिन्हींची सोय केली. परस्परसंमतीने घटस्फोट १९७६ पासून घेता येऊ लागला. स्त्रीधन सासरी ठेवायला दिले तरी मालकी बाईचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. मात्र संसारात नवऱ्याच्या नावाने घेतलेल्या घरात बायकोचा आपोआप वाटा, हे या कायद्यात आजही नाही.

गोव्यातील आपल्या मराठी बांधवांकडे हिशेब निराळा आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आली आणि १९१० साली घटस्फोटाचा कायदा झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक धरतात आणि घटस्फोटात तिचे दोन भाग होतात. स्थावर विकायचे तर दोघांच्याही सह्या लागतात. बडोद्याने सुटकेची वाट उघडली, गोव्याने त्या वाटेबरोबर मिळकतीतला अर्धा वाटाही दिला. बडोद्यातल्या बाईच्या पदरात मात्र दोन्ही पडले नाहीत.

हे सारे जुन्या दप्तरातले म्हणून सोडून देऊ नये. संमतीच्या अर्जावर सही करताना 'एकदाचे सुटू दे' या घाईने पैशाचा विषय तोंडी ठेवला जातो आणि नंतर वर्षानुवर्षे फेऱ्या घालाव्या लागतात. रक्कम किती, एकरकमी की दरमहा, घराचे कर्ज कोण फेडणार, मुलांच्या शिक्षणाचे काय, स्त्रीधन कधी परत मिळणार, हे सर्व लेखी ठरवून हुकूमनाम्यात नोंदवून घ्यावे.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. लग्नात आपण याद्या करतो, त्यांत मुलीच्या अंगावरच्या दागिन्यांचीही तपशीलवार यादी करा. पावत्या जोडा, दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत मुलीच्या हाती द्या. तिचा संसार सुखाचा झाला, तर ती यादी कपाटात पडून राहील.